इंजिन ऑइलची निवड : जुन्या आणि नव्या मोटारी

इंजिन ऑइलची निवड म्हणजे मोटारीच्या इंजिनात किती दाट आणि कोणत्या दर्जाचे वंगणतेल घालायचे, हे ठरवणे. हे प्रश्न दोन आहेत आणि डब्यावर त्यांची उत्तरेही वेगवेगळी छापलेली असतात. ‘जुन्या गाडीला दाट, नव्या गाडीला पातळ’ हा ठोकताळा अर्धाच खरा आहे. इंजिनाची रचना जुनी असणे वेगळे आणि इंजिन झिजलेले असणे वेगळे.

दाटपणाची (श्यानतेची) वर्गवारी एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘जे३००’ या मानकात आहे. ‘५डब्ल्यू-३०’ अशा ग्रेडमधला डब्ल्यू हा ‘विंटर’चा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा: इंजिन फिरवण्याची चाचणी ०डब्ल्यूसाठी उणे ३५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० अंश सेल्सिअसला होते. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा. तो मुख्यतः १०० अंशांना मोजलेल्या दाटपणावरून ठरतो. यावरून मल्टिग्रेड, म्हणजे असे दोन आकडे असलेले, तेल तापल्यावर दाट होते असा अनेकांचा समज होतो. तसे नसते. तापले की प्रत्येक तेल पातळच होते, मल्टिग्रेड जरा कमी, इतकेच.

नव्या गाडीच्या ऑइलच्या झाकणावर बऱ्याचदा ‘०डब्ल्यू-२०’ असे कोरलेले दिसते. डिपस्टिकवरून पाण्यासारखे ओघळणारे ते तेल पाहून मालक धास्तावतो आणि पुढच्या खेपेला दाट तेल मागतो. खरे तर सकाळी गार इंजिनात असलेले ०डब्ल्यू-२० हे तापलेल्या २०डब्ल्यू-५० पेक्षा कितीतरी दाट असते. पातळ तेलाने इंधन वाचते. शिवाय ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालता चालता बदलते, तिथे ते बदल घडवण्याचे कामही तेलाच्या दाबावरच चालते. बारीक वाटांतून दाट तेल वेळेवर पोचत नाही.

दर्जाची अक्षरे एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची. पेट्रोल इंजिनांसाठी ‘एस’ने सुरू होणारी ही मालिका एसए, एसबी अशी पुढे सरकत २०२० मध्ये एसपीवर आणि २०२५ मध्ये एसक्यूवर आली. छोट्या टर्बो इंजिनांत ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो; एसपी तेलात तो रोखण्याची तरतूद आहे. पुढचे अक्षर मागच्याच्या जागी सहसा चालते. धुराड्यात काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेल गाड्यांना मात्र कमी राखेचे तेल लागते. एरवी राख साचून फिल्टर तुंबतो.

‘सहसा’ म्हणण्याचे कारण जुन्या इंजिनांत सापडते. त्यांचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सपाट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हकडे ढकल पोचवणाऱ्या भागावर, घासत फिरतो, आणि त्या घासणीत धातू वाचवते ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त व फॉस्फरस असलेले पूरक द्रव्य. फॉस्फरसने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निवळणारा भाग, निकामी होतो, म्हणून २००४ च्या एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलांत त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. रोलरवर चालणाऱ्या कॅमला त्याने फरक पडला नाही. कन्व्हर्टर नसलेल्या जुन्या गाडीला, विशेषतः तिचा कॅम नुकताच बदलला असेल तर, जास्त जस्ताचे तेल घालणे शहाणपणाचे.

दहा-पंधरा वर्षे पळालेली, पण आधुनिक रचनेची गाडी या वर्गात मोडत नाही. तिला मूळ ग्रेडच द्यावा. ऑइल पिऊ लागली, निळसर धूर येऊ लागला, तर माहितीपुस्तिकेत परवानगी असलेला एक पायरी दाट ग्रेड किंवा सील फुगवणारी द्रव्ये असलेले ‘हाय मायलेज’ तेल वापरून पाहता येते. खाणे थोडे कमी होईल. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा काही भरून येणार नाहीत. गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर दाट तेल ओतण्याआधी गेज लावून दाब मोजावा. कधी कधी बिघडलेला असतो तो नुसता सेन्सर.