'ग्रेमलिन' हा शब्द रोआल्ड डाल यांनी घडवलेला नाही

विमानाच्या यंत्रात खोड्या करणाऱ्या चिमुकल्या भुतांचे 'ग्रेमलिन' हे नाव लेखक रोआल्ड डाल यांनी घडवले, हा समज निदान आपण बेळगावकरांनी तरी सोडावा, कारण आपल्या शेजारचा सांबऱ्याचा तळ ज्या ब्रिटिश हवाई दलाने १९४२ मध्ये उभारला, त्याच दलाच्या बोलीतला हा शब्द आहे. डाल यांचे या भुतांवरचे पुस्तक १९४३ सालचे. शब्द मात्र १९२९ मध्येच विमानविषयक एका नियतकालिकात छापला गेला होता. स्वतः वैमानिक असलेल्या डाल यांनी तो सर्वदूर पोहोचवला, आणि हे श्रेय मोठेच आहे. जुन्या इंग्रजीतील 'चिडवणे' या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते जोडतात, पण तो तर्कच आहे. वाटसरूला भुलवणाऱ्या आपल्या चकव्याप्रमाणे हे नावही अनाम माणसांच्या तोंडी रुळले.