डोसाच्या दिवशीचा अर्धा तास

लस टोचून झाली की बाळाला घेऊन अर्धा तास तिथंच थांबायचं, कारण रिअ‍ॅक्शन आली तर लगेच कळावी. सत्राला गेलेल्या आयांना हा नियम पाठ असतो. नर्सताईंचे निरोपही ठरलेले: कोणती लस दिली, काय त्रास होईल, पुढचा डोस कधी, कार्ड जपून ठेवा. मग आई भिंतीवरची पोस्टर वाचत बसते, नाहीतर शेजारणीचं बाळ किती किलोचं झालं ते विचारते. बालआरोग्यसेवेतूनच पालकांना संगोपनाचं बळ द्यावं, हा विचार नेमक्या या रिकाम्या वेळेकडे बोट दाखवतो.

त्याचं मूळ सापडतं जमैकात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात किंग्स्टनमधल्या खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी राहिलेल्या मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला आरोग्यसेविका जायची आणि आईला बाळाशी खेळायला शिकवायची. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशाच, पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. पुढे जमैका, अँटिग्वा आणि सेंट लुशियात हेच काम दवाखान्यात आणलं गेलं. बाळांच्या नेहमीच्या तपासणीला आलेल्या आयांना ताटकळत बसल्या जागी छोट्या फिल्म दाखवल्या गेल्या.

आपल्याकडे अंगणवाडी १९७५ची, आणि तिथला वजनकाटा सगळ्यांच्या ओळखीचा. ‘वाढ’ किलोत मोजता येते, म्हणून रजिस्टरात तिला रकाना मिळाला. ‘विकास’, म्हणजे बसणं-बोलणं-समजणं, बरीच वर्षं बाहेरच राहिला. तो आरोग्यसेवेत ठळकपणे आला २०१३च्या फेब्रुवारीत, पालघरला सुरू झालेल्या बालस्वास्थ्य कार्यक्रमातून. पण आला तो ‘तपासणी’ या शब्दाचं बोट धरून. जन्मदोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधायचे; अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा, शाळेतल्यांना एकदा तपासायचं. हृदयाला छिद्र असलेली, ऐकू न येणारी मुलं त्यातून सापडली, हे मोठंच काम. तरी शोधायचं काय, तर बिघाड. बाकीच्या मुलांच्या आईला ‘सगळं ठीक आहे’ एवढं ऐकून घरी जायचं.

शब्दांचा गोंधळ इथंच वाढला. आयांना जे शिकवायचं त्याला इंग्रजीत म्हणतात ‘पॉझिटिव्ह पॅरेंटिंग’; त्याचं सरळ भाषांतर झालं ‘सकारात्मक पालकत्व’. दवाखान्यात मात्र रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘सकारात्मक’ म्हणजे हसतमुख राहायचं, असाही अर्थ निघतो. अभिप्रेत आहे ते वेगळंच: बाळानं हुंकार दिला की आपणही द्यायचा, त्यानं बोट दाखवलं तिकडं बघायचं, रडलं तर कारण शोधायचं, हात उगारायचा नाही. ‘पालक’ हा शब्दही शाळेच्या फॉर्मवरचा. बाळ दिवसभर आजीच्या मांडीवर किंवा मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं, आणि त्या दोघी या शब्दात बसत नाहीत. ‘संगोपन’ हा घरगुती शब्द हाताशी असताना तो मागे पडला, हे पटत नाही.

वेळापत्रकाची अडचण याहून साधी. सरकारी लसीकरणात साडेतीन महिन्यांच्या डोसानंतर पुढचा थेट नवव्या महिन्यात. बाळ कुशीवर वळतं, बसू लागतं, बा-बा करतं, वरचं खायला लागतं ते नेमकं याच काळात. २०१८ला आशाताईंच्या घरभेटी आखल्या गेल्या त्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. आहार आणि आजारांबरोबर खेळणं-बोलणंही त्या भेटींच्या यादीत आलं. पाच भेटींचे मिळून २५० रुपये.