पेशीच्या आतली रस्सीखेच

‘गावरान कोंबडीला रोग होत नाही,’ हे आपण सर्रास ऐकतो. राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग आला की गावातली खुराडी कशी ओस पडतात, ते पाहिलेल्याला हे पटणार नाही. प्रतिकारशक्ती गावरान, ब्रॉयलर किंवा कडकनाथ अशा नावावर ठरत नाही. ती रोगागणिक वेगळी असते आणि जनुकांवर अवलंबून असते.

साल्मोनेलाचंच बघा. या जिवाणूचा पुलोरम हा प्रकार पिल्लांना पांढरी हगवण लावतो. या रोगात व्हाइट लेगहॉर्न या अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या हलक्या जातीची पिल्लं जड जातींच्या पिल्लांपेक्षा जास्त तगतात, हे अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ एफ. बी. हट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवलं होतं. कारणं उलगडायला मात्र पुढची काही दशकं गेली.

त्यातलं एक कारण मला विलक्षण वाटतं. रक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, जिवाणूला गिळून एका पिशवीत कोंडते. साल्मोनेला तिथेही जगू शकतो, पण त्यासाठी त्याला लोह आणि मँगेनीज लागतं. पेशी त्याच्यावर ऑक्सिजनची जहाल संयुगं सोडते. ती निकामी करणारी जिवाणूची विकरं (एन्झाइम) या धातूंशिवाय चालत नाहीत. पिशवीच्या भिंतीत एनरॅम्प-१ नावाचं प्रथिन असतं. ते हेच धातू पिशवीतून बाहेर खेचतं. जिवाणूकडेही मँगेनीज आत ओढणारं एक प्रथिन आहे आणि ते एनरॅम्पच्याच कुळातलं! एकाच कुळातले दोन पंप दोन बाजूंनी रस्सीखेच करतात. रोगाला सहज बळी पडणाऱ्या ‘सी’ या कोंबड्यांच्या वाणात एनरॅम्प-१ मधलं २२३ व्या जागेवरचं अमिनो आम्ल बदललेलं सापडलं: आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन.

अर्थात सगळा भार या एकाच जनुकावर नाही. जिवाणूच्या आवरणाची चाहूल घेणारं टीएलआर-४ हे जनुक आहे, पाचव्या गुणसूत्रावरचा एसएएल-१ हा भागही आहे. त्यामुळे ‘रोगमुक्त कोंबडी’ अशी जाहिरात कुणी केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. तरी या संशोधनाची निकड मोठी आहे. माणसांसाठी राखून ठेवायचं कोलिस्टिन हे प्रतिजैविक पोल्ट्रीत इतकं वापरलं गेलं की भारतात २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. मुळात तगडी पिल्लं निवडून पैदास केली, तर औषधांची गरज कमी होईल.

पण एसएएल-१ मुळे रक्तात आणि यकृतात पसरणारा संसर्ग आवरतो, आतड्यातला नाही. तिथे साल्मोनेला मुक्काम करू शकतो आणि ठणठणीत दिसणारी कोंबडीही तो विष्ठेतून बाहेर टाकत राहते. आतड्यातला हा मुक्काम रोखणारी जनुकं वेगळी आहेत, त्यामुळे पैदाशीत त्यांची निवडही स्वतंत्रपणेच करावी लागते.