नेझबीच्या लढाईचे उत्कीर्णन

नेझबीच्या लढाईचे उत्कीर्णन : इंग्लंडच्या यादवी युद्धात नॉर्दॅम्प्टनशरमधील नेझबी गावाजवळ १४ जून १६४५ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा संसदेच्या सैन्याने निर्णायक पराभव केला. त्या लढाईचे हे उत्कीर्णन, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर (ताम्रपटावर) कोरून छापलेले विस्तृत दृश्य, जॉशुआ स्प्रिग याच्या ‘अँग्लिया रेडिव्हिवा’ (१६४७) या लॅटिन नावाच्या, पण इंग्रजीत लिहिलेल्या ग्रंथाला जोडलेले आहे. (वर दिलेली तारीख तेव्हा इंग्लंडमध्ये चालू असलेल्या जुन्या पंचांगाची आहे, आजच्या ग्रेगरीय गणनेने ती २४ जून येते.)

राजाच्या पराभवाचे चित्र म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी त्यात पराभव दिसत नाही. दोन्ही सैन्ये व्यूह रचून समोरासमोर उभी आहेत आणि लढाईला तोंड लागायचे आहे. त्यानंतरची दोन-तीन तासांची धुमश्चक्री, राजाच्या पायदळाची शरणागती, राजाच्या खासगी पत्रांची लूट, पळ काढणाऱ्या छावणीतील बायकांची कत्तल यांपैकी काहीही चित्रात नाही. त्यासाठी लिखित वृत्तांतांकडेच वळावे लागते.

कर्तृत्व : हे दृश्य परंपरेने रॉबर्ट स्ट्रीटर (सु. १६२१–७९) याचे मानले जाते. राजेशाही परत आल्यावर हाच स्ट्रीटर दुसऱ्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार झाला आणि ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरचे छत त्याने १६६८–६९ मध्ये रंगवले. पित्याच्या पराभवाचे दृश्य काढणारा पुढे पुत्राच्या पदरी राहिला, यात त्या काळी कोणाला फारसे वावगे वाटले नसावे. ग्रंथाच्या कर्तृत्वाविषयीही वाद होता. स्प्रिग हा संसदेचा सरसेनापती सर टॉमस फेअरफॅक्स याचा धर्मोपदेशक. खरा लेखक संसदेचा सभासद नाथॅनियल फाइन्स होय, असे क्लेमंट वॉकर या समकालीन लेखकाने म्हटले होते. मात्र वॉकर संसदेतील फाइन्सच्या गटाचा कडवा विरोधक होता, हे लक्षात घेता स्प्रिगचेच नाव कायम ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्हींपैकी कोणतेही मत धरले, तरी चित्र विजेत्यांच्या गोटातून आलेले आहे, यात शंका नाही.

रचना : दृश्य पक्ष्याच्या नजरेने, दक्षिणेकडून उत्तरेकडे पाहिलेले आहे. खाली नेझबी गाव, त्याच्या पुढे संसदेचे सैन्य आणि वरच्या भागात राजाचे सैन्य अशी मांडणी आहे. प्रत्येक तुकडी चौकोनी ठोकळ्यासारखी काढली असून तिच्याजवळ नायकाचे नाव कोरले आहे. त्यामुळे हे अर्धे चित्र आणि अर्धा नकाशा ठरते. पायदळाच्या तुकडीत मध्ये भालेकरी व दोन्ही बाजूंना बंदूकधारी, ही तत्कालीन रचनाही स्पष्ट दिसते. संसदेच्या उजव्या बगलेवर क्रॉमवेल, डावीकडे आयर्टन व मध्यभागी स्किपन. पलीकडे राजाच्या उजव्या बगलेवर त्याचा भाचा राजपुत्र रूपर्ट, डावीकडे लँग्डेल, मध्यभागी ॲस्टली.

ताम्रपटावर कोरीवकाम करताना चित्र उलटे कोरावे लागते. कोरलेल्या रेषांत शाई भरून पृष्ठभाग पुसतात आणि ओलसर कागद दाबयंत्राखाली घालून त्या रेषांतील शाई उचलून घेतात. नावे, बगला, डावे-उजवे हे सारे आरशातल्याप्रमाणे कोरावे लागत असल्याने अशा नकाशावजा चित्रांत चूक होण्याचा धोका मोठा असतो. येथे निदान बगलांची दिशा तरी लिखित वृत्तांतांशी जुळते.

विश्वसनीयता : अभ्यासकांचे लक्ष मुख्यतः तीन गोष्टींवर केंद्रित झाले आहे. पहिली म्हणजे सैन्याचा आकार. राजाचे सैन्य सुमारे ९ ते १० हजार आणि संसदेचे १४ हजारांच्या आसपास, असे अंदाज सामान्यतः दिले जातात. चित्रात मात्र दोन्ही फळ्या जवळपास सारख्याच रुंद दिसतात. विजय मोठा दिसावा म्हणून शत्रू मोठा दाखवला, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. पण कागदाच्या चौकटीत दोन्ही बाजू तोलून मांडण्याची चित्रकाराची सवयही तेवढीच कारणीभूत असू शकते.

दुसरी गोष्ट चित्रातल्या क्षणाची. फेअरफॅक्सने लढाईपूर्वी आपले सैन्य टेकडीच्या माथ्यावरून थोडे मागे घेऊन शत्रूच्या नजरेआड केले होते. चित्रात ते उघड्यावर पूर्ण दिसते. ही माघारीपूर्वीची स्थिती की नंतरची, याविषयी मतभेद आहेत. चित्र एका क्षणाचे नसून अनेक वृत्तांतांवरून जुळवलेले आहे, असे मानल्यास हा पेच बराचसा सुटतो. राजाच्या बाजूची रचना तपासण्यासाठी रूपर्टचा अभियंता बर्नार्ड द गॉम याचा हस्तलिखित आराखडा (ब्रिटिश लायब्ररी) उपयोगी पडतो. दोन्ही आराखडे ढोबळमानाने जुळतात.

तिसरी आणि सर्वांत उपयुक्त गोष्ट म्हणजे डावीकडचे कुंपण. चित्रात त्याला ‘लँटफर्ड’ हे नाव आहे. हल्ली ते सल्बीचे कुंपण म्हणून ओळखले जाते. संसदेच्या बाजूच्या कर्नल ओकीचे ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून येऊन पायउतार होत लढणारे बंदूकधारी, त्याच्या आडून रूपर्टच्या घोडदळावर मारा करत होते. हे कुंपण दोन गावांच्या शिवेवर असल्याने त्याची जागा नक्की सांगता येते आणि सगळा व्यूह प्रत्यक्ष जमिनीवर बसवण्यासाठी तोच खरा टेकू ठरतो. असा टेकू नसला की काय होते, ते १८२३ च्या स्मारकस्तंभावरून दिसते. तो प्रत्यक्ष रणभूमीपासून दूर, भलत्याच जागी उभारला गेला आणि त्याला प्रमाण मानून कार्लाइलसारखा इतिहासकारही फसला. पुढे १८४२ मध्ये कवी एडवर्ड फिट्झजेरल्डने दफनखड्डा उकरून त्याला खरी जागा दाखवली. रणभूमींचे पुरातत्त्वज्ञ ग्लेन फोर्ड यांच्या संशोधनात बंदुकीच्या गोळ्यांच्या विखुरणीवरून लढत उत्तरेला वॅडबरो टेकडीपर्यंत सरकल्याचे दिसून आले. हा भाग उत्कीर्णनात येणे शक्यच नव्हते.

नंतरची चित्रे : अठराव्या शतकात फ्रेंच चित्रकार पारोसेल याच्या चित्रावरून दुप्युईने केलेले उत्कीर्णन (सु. १७२७) बरेच प्रचलित आहे, त्याच्या हाताने रंगवलेल्या प्रतीही आढळतात. तुकड्यांच्या रचनेसाठी मात्र त्याचा आधार घेता येत नाही.