शैली बदलणं वेगळं, शैली मिसळणं वेगळं: ग्वेन स्टेफानीच्या दुसऱ्या सोलो अल्बमच्या निमित्ताने

अमेरिकन पॉप गायिका ग्वेन स्टेफानीचा दुसरा सोलो अल्बम 'द स्वीट एस्केप' डिसेंबर २००६ मध्ये आला. त्याच्याविषयी बोलताना अनेक जण सरसकट 'फ्युजन' म्हणून मोकळे होतात. मला हा शब्द इथे खटकतो. या अल्बममध्ये शैली मिसळल्यात कमी आणि बदलल्यात जास्त. वरवर दोन्ही सारखंच वाटतं, कारण शेवटी 'यात सगळंच आहे' एवढंच आपल्या लक्षात राहतं.

फरक ऐकायचा असेल तर तिसरं आणि चौथं गाणं मध्ये न थांबता ऐका. तिसरं 'ऑरेंज काउंटी गर्ल'. त्यात हिपहॉपचा कोरडा, ठोकळेबाज ठेका आहे आणि कॅलिफोर्नियातल्या आपल्या मुळांबद्दल ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते. ते संपतं आणि 'अर्ली विंटर' सुरू होतं. हे संथ, रॉककडे झुकणारं गाणं आहे. इथे ती सूर लांबवते, आवाज मोकळा सोडते. दोन्ही गाणी आपापल्या जागी शुद्ध आहेत, पहिल्यात रॉक नाही की दुसऱ्यात हिपहॉप नाही. बदल घडतो तो दोन गाण्यांमधल्या त्या क्षणभराच्या शांततेत. ही उडी.

मिसळणं कसं असतं ते ऐकायला तिच्याच जुन्या बँडकडे जावं लागतं. नो डाउट हा बँड १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये सुरू झाला. जमैकाचा स्का हा नाचरा संगीतप्रकार ही त्यांची पहिली ओढ, आणि तीही ब्रिटनमधल्या मॅडनेस आणि द स्पेशल्स या बँड्समार्फत आलेली, म्हणजे पंक रॉकचा तिखटपणा आधीच अंगात मुरलेली. १९९५ च्या 'ट्रॅजिक किंगडम' या त्यांच्या अल्बममधलं 'स्पायडरवेब्ज' ऐका. अंतऱ्यात गिटार ठेक्याच्या उलट्या बाजूला पडते, ही स्काची खूण. धृपदात तीच गिटार रॉकसारखी खरखरते. पण 'इथे स्का संपला, इथे रॉक सुरू झाला' अशी रेघ मारायला गेलात तर हात अडखळतो, कारण बास आणि ड्रम दोन्हीकडे तेच लोक, त्याच जोमाने वाजवत असतात.

माझ्या मते या फरकाचं खरं कारण इथेच आहे. चार-पाच जण वर्षानुवर्षं एका खोलीत वाजवत बसले की त्यांच्या आवडी एकमेकांत झिरपतात. 'द स्वीट एस्केप' तसा बनलाच नाही. त्यात वेगवेगळ्या संगीत-निर्मात्यांचं काम आहे: फॅरेल विल्यम्सचं आहे, एकॉनचं आहे, स्विझ बीट्झचं आहे. 'अर्ली विंटर' लिहिताना कीन बँडचा टिम राइस-ऑक्सली सोबत होता आणि 'फोर इन द मॉर्निंग'साठी नो डाउटचाच बास वाजवणारा टोनी कनाल. माणूस बदलला की गाण्याचा पोत बदलला. शिवाय २००४ च्या पहिल्या अल्बममधून मागे राहिलेली काही गाणीही इथे वापरली गेली. इतक्या हातांमधून एकसंध आवाज निघावा ही अपेक्षाच चुकीची आहे, आणि तो निघाला नाही म्हणून अल्बमला नावं ठेवणंही मला पटत नाही. हे सगळं धरून ठेवणारी गोष्ट एकच, तिचा किंचित थरथरता, नाकात घोळणारा आवाज. उडी मारणाऱ्या अल्बमला असा लगेच ओळखू येणारा आवाज लागतोच. नाहीतर तो नुसता संग्रह होतो.

आता खरी पंचाईत करणारं गाणं, म्हणजे पहिलंच: 'वाइंड इट अप'. सुरुवातीला 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीतिकेतल्या शेळ्या राखणाऱ्याच्या गाण्याचं योडलिंग, म्हणजे आवाज झटक्यात खालून वर नेत गाणं, आणि खाली नेपच्यून्सचा, म्हणजे फॅरेलच्याच निर्माता-जोडीचा, दणदणीत ठेका. दोन शैली एकाच गाण्यात आल्या, मग हे मिश्रणच नाही का? मी म्हणेन, नाही. योडल बाजूला काढलं तरी खालचा ठेका जसाच्या तसा उभा राहतो. त्याला योडलचा स्पर्शही झालेला नाही. ही जोडणी आहे आणि तिची शिवण मुद्दाम दिसेल अशी ठेवली आहे. कित्येकांना ते कानाला बोचलं. मला मात्र हा अल्बम त्यामुळे धीट वाटतो, कारण पुढे जे करणार आहे ते तो पहिल्याच मिनिटात उघडपणे सांगून टाकतो.

एक गोष्ट हल्लीच्या ऐकण्याच्या सवयीमुळे जास्त जाणवते. 'स्पायडरवेब्ज' कुठल्याही प्लेलिस्टमध्ये टाका, त्यातलं मिश्रण त्याच्यासोबत जातं. 'अर्ली विंटर' एकटं ऐकलं तर ते फक्त एक चांगलं संथ गाणं उरतं. उडी गाण्यांच्या क्रमात असते, म्हणून हा अल्बम शफल बंद करून, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ऐकायला हवा.