डग्गा पाठीला कळतो तेव्हा : कंपन-जाकीट घेण्याआधी

मैफलीला आमचं जाकीट भाड्यानं घेणाऱ्या श्रोत्यांसाठी आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळांसाठी ही माहिती.

ढोल-ताशाचं पथक शेजारून गेलं की छातीत धडधडतं. खर्जातला आवाज कानांइतकाच अंगालाही लागतो. पण सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागे बसलं, की तबला ऐकू येतो आणि डग्ग्याची घुमक मात्र अंगापर्यंत येत नाही. ती पोचवायला हे बिनबाह्यांचं जाकीट. पाठीत आणि बरगड्यांजवळ छोटी कंपकं शिवलेली आहेत. मिक्सरमधून डग्गा, पखवाज, ढोलकी यांचा जाड आवाज तेवढा वेगळा काढून आम्ही तो रेडिओनं जाकिटाकडे पाठवतो. मोबाईलची मोटर एकसुरी गुरगुरते. ही कंपकं स्पीकरसारखी चालतात. वादक डग्ग्यावर मनगट सरकवून घिस्सा काढतो, तेव्हा पाठीवरून कुणी तळवा ओढल्यासारखं वाटतं.

आमचं सगळ्यात जास्त डोकं वेळ जुळवण्यात गेलं. पहिल्या कार्यक्रमात ब्लूटूथ वापरलं होतं. गवई समेवर यायचे, लोकांच्या माना हलायच्या आणि जाकिटातली थाप त्यानंतर यायची. दोघांनी मध्येच जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं. बरोबरच केलं त्यांनी. ब्लूटूथवर सेकंदाचा दहावा भाग सहज जातो, आणि ठेक्यात तेवढं चालत नाही. रेडिओवर तो अडथळा गेला. उलट मागच्या रांगांची जाकिटं आम्ही आता मुद्दाम थोडी थांबवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे स्पीकरपासून २० मीटरवर तो जवळपास ५७ मिलिसेकंदांनी पोचतो. म्हणून जाकिटावर लिहिलेली रांग आणि तुमची खुर्ची जुळते का, ते बघूनच बसा. जागा बदलली तर आमच्या माणसाला सांगा.

‘हलगीला चालेल का?’ हे इथं हमखास विचारतात. त्वचेला २५० हर्ट्झच्या आसपासचं कंपन सगळ्यात चांगलं कळतं, १००० च्या पुढचं जवळजवळ नाहीच. शेकून ताणलेल्या हलगीचा कडकडाट त्यामुळे कानांनीच ऐकायचा. बासरीत तर जाकिटाला पाठवायला जाड आवाजच नसतो. नुसत्या बासरीच्या कार्यक्रमाला आमचं जाकीट घेऊ नका.

ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्याकडून आम्ही भाडं घेत नाही. एव्हलिन ग्लेनी या कर्णबधिर तालवादक अनवाणी वाजवतात, जमिनीतलं कंपन पायांना कळावं म्हणून. एका भजनाला आम्ही असंच एका आजोबांना जाकीट घातलं. त्यांचे कान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. भजनी ठेका सुरू झाला. थोड्या वेळानं त्यांचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. ‘खाली’ला, म्हणजे तालातल्या रिकाम्या मात्रेला, डग्गा थांबतो, जाकीटही गप्प होतं. तिथं त्यांनी बरोबर हात उलटा केला.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मनगटावर चमकणारे पट्टे होते. तसे आम्ही ठेवत नाही. हजारोंच्या स्टेडियममध्ये ते शोभतात, बैठकीत डोळे विचलित होतात. नाडी मोजणारा सेन्सरही मुद्दाम लावलेला नाही. तुम्हाला काय वाटलं ते तुमच्यापाशी राहू दे.

आत पातळ सुती शर्ट असावा. पट्टे अंगाला बसतील इतकेच आवळा. सैल जाकीट नुसतं घरघरतं. डाव्या बाजूचं बटण कमीवर ठेवून सुरुवात करा. पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट असेल, दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. चक्कर किंवा मळमळ वाटली तर लगेच काढा. आतलं अस्तर दर कार्यक्रमानंतर धुतलं जातं.

मंडळांनी साउंडवाल्याला मिक्सरवर एक ऑक्स आउटपुट मोकळा ठेवायला सांगावं आणि आम्हाला दोन तास आधी हॉल द्यावा. भाडं ठरवण्याआधी एकदा दुकानात या. डग्गा टेबलावर असतोच. जाकीट घालून बसा, दोन आवर्तनं वाजवून दाखवतो.