हायड्रॉलिक टॅपेटचा आवाज व त्याचे निदान

मोटारीच्या इंजिनात कॅम (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा फिरता उंचवटा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरून काढणारा भाग म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट. गॅरेजात त्याला लिफ्टरही म्हणतात. १९३० च्या कॅडिलॅक व्ही-१६ मध्ये ही रचना आली ती आवाज घालवण्यासाठीच. त्यामुळे टॅपेट कव्हराखालून टकटक येऊ लागली की आधी संशय ऑइलवर घ्यावा, टॅपेटवर नंतर.

टॅपेटच्या पोटात प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि एक बारीक चेक बॉल असतो. कॅमची गोल पाठ समोर असताना बॉलवरून ऑइल आत येते. कॅमचे टोक दाबू लागले की बॉल बसतो आणि कोंडलेले ऑइल घट्ट ठोकळ्यासारखे वागते. प्लंजर आणि बॉडी यांच्यात अंतर असते काही मायक्रॉनचे, म्हणून एकाचा प्लंजर दुसऱ्यात घालत नाहीत. बॉलखाली कार्बनचा कण अडकला किंवा ऑइलमध्ये हवा मिसळली, की ठोकळा स्पंजासारखा दबतो.

गाडीला असा टॅपेट आहे का, हे आधी पाहावे. जुन्या मारुती ८०० ला स्क्रू-नट आणि फिलर गेजचेच (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचेच) काम. स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेलमध्ये हायड्रॉलिक आहे, डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये नाही. गोव्यात भाड्याने फिरणाऱ्या बुलेटांपैकी यूसीई इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेल्या) हायड्रॉलिक टॅपेटवर चालतात. त्यांचे टॅपेट सेट करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

मग आवाज ऐकावा. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणजे ८०० आरपीएमला एक टॅपेट मिनिटाला ४०० वेळा, सेकंदाला सहा-सात वेळा वाजतो. मात्र इंजेक्टरचीही लय तीच असते, त्यामुळे नुसत्या लयीवरून निकाल देता येत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका इंजेक्टरवर आणि कव्हरच्या बोल्टवर टेकवून मूठ कानाला लावावी. फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी लांब. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती थंड इंजिनात हुबेहूब टॅपेटसारखी वाजते आणि धातू तापून फुगला की बंद होते. जोडावर काजळीचा पट्टा दिसतो. पेट्रोल इंजिनात एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा: आवाज दबला तर दोष खाली, कनेक्टिंग रॉड किंवा पिस्टनकडे, टॅपेटला त्याने फरक पडत नाही. कॉमनरेल डिझेलचा प्रेशर पाइप सैल करून हे कोणी करू नये. तिथला दाब १००० बारच्या वर जातो, डिझेल सुईगत कातडीत घुसते.

आवाज कधी येतो यावरून अर्धे निदान होते. सकाळी काही सेकंद येऊन थांबला तर ऑइल रात्रभर उतरले होते. फिल्टरमधला उलट-प्रवाह रोखणारा रबरी व्हॉल्व्ह निकामी असावा, स्वस्त फिल्टरात हे नेहमीचे. जहाजावर नोकरीला असलेल्यांच्या गाड्या सहा-सहा महिने आवारात उभ्या असतात, त्या पहिल्या स्टार्टला काही मिनिटे वाजल्या तरी घाबरू नये. गरम झाल्यावर आयडलला वाजून रेस केल्यावर थांबणारा आवाज मात्र कमी ऑइल प्रेशरकडे बोट दाखवतो. डॅशवरचा लाल दिवा बंद आहे म्हणजे दाब ठीक, असे नाही. तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावरच पेटतो. सेन्सर काढून गेज लावावे. गरम आयडलला १ बारच्या आसपास हवे, नक्की आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

गेजच्या आधी डिपस्टिक, तीही सपाट जागी आणि इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी. पातळी खाली असेल तर पंप हवा ओढतो. वर असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. दोन्हींचा आवाज एकच. पर्वरी-पणजीसारख्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, विशेषतः पावसाळ्यात, इंजिन पुरते तापत नाही, पाण्याची वाफ आतच राहते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय जमते. कूलंट कमी होत नसेल तर ती हेड गॅस्केटची खूण नसते. ऑइल बदलून गाडी तासभर सलग, फोंड्यापर्यंत का होईना, चालवावी.

५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतायचा सल्ला हमखास मिळतो. आवाज दबतो, पण थंड इंजिनात ऑइल वर पोचायला उशीर होतो आणि कॅमची झीज वाढते. फार मळलेल्या इंजिनात फ्लश (आतला मळ सोडवणारे द्रव) घालणेही जोखमीचे. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. योग्य ग्रेडचे ऑइल आणि चांगला फिल्टर घालून १००० ते १५०० किमीवर दोन्ही पुन्हा बदलणे जास्त सुरक्षित.

ऑइल ताजे, दाब ठीक, आणि रेडिएटरचा फॅन एकदा चालू होईपर्यंत तापवून २५०० आरपीएमला दोन मिनिटे धरूनही आवाज राहिला, तरच कव्हर उघडावे. इंजिन हाताने फिरवून कॅमची पाठ टॅपेटवर आणायची, लाकडी पाचरीने टॅपेट दाबायचा. जो हलका दबतो तो गेलेला. कॅमखालील बादलीच्या आकाराच्या टॅपेटमध्ये ०.१ ते ०.२ मि.मी.पेक्षा जास्त फट सापडली तर बदलायचा. त्याच वेळी कॅमचे टोक आणि रोलर नखाने तपासावेत. खाच लागली तर नवा टॅपेटही वाजतो.

नवे टॅपेट बसवल्यावर अर्धा तास स्टार्टर मारू नये. भरून फुगलेला टॅपेट व्हॉल्व्हला नीट बंद होऊ देत नाही आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो. जादा ऑइल झिरपू द्यावे, मग क्रँक हाताने दोन फेरे फिरवून कुठे अडत नाही याची खात्री करूनच चावी लावावी.